मावशीच्या दारात चौदा मांजरं झालीत, सुरुवात कुठून करायची

माझी मावशी ७२ वर्षांची, ठाण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटी राहते. काका गेल्यावर मागच्या अंगणात येणाऱ्या एका भाटीला (मादी मांजरीला) ती भात-मासळी घालायला लागली आणि बघता बघता एकाची चौदा झाली. सोसायटीत कुरबुर सुरू झाली, पेन्शनमधले बरेच पैसे मासळीत जायला लागले, तेव्हा आम्ही भावंडं मध्ये पडलो. तुमच्याकडे पण आई, आत्या, आजोबा कोणी असं सांभाळत असतील म्हणून जे शिकलो ते लिहितेय.

सगळ्यात आधी, "हे आता बंद कर" असं म्हणू नका. आम्ही म्हटलं आणि मावशी आठवडाभर फोनवर धड बोलली नाही. तिची सकाळ-संध्याकाळ त्या मांजरांवर चालते, बंद करायला लावलं तर ती लपून घालणार आणि मग आपल्याला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा तिलाच वही द्या. कोण कधी येतं, कोण गाभण वाटतंय, कोणाला हात लावू देतं, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. आम्ही फोटो काढले, तिने नावं सांगितली. रंगावरून थोडा अंदाज येतो, काळी-पांढरी-भगवी अशी तीनरंगी असेल तर जवळजवळ नक्की भाटी, भगवी असेल तर बहुतेक बोका. आमची यादी झाली ४ बोके, ५ भाट्या, ५ पिल्लं.

शेजारचे हमखास सांगतात, पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून या. अजिबात करू नका. मांजर परत यायला निघतं, वाटेत गाडीखाली जातं नाहीतर उपाशी मरतं, आणि असं मरायला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय जागा रिकामी झाली की दुसरी मांजरं येतातच.

आधी ऑपरेशन, मग घरं शोधणं, हा क्रम बदलू नका. मांजर ४ महिन्यांची असताना गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाही परत गाभण राहते, त्यामुळे तुम्ही चार पिल्लांना घरं शोधेपर्यंत मागे पाच तयार असतात. नसबंदी करणारी संस्था किंवा डॉक्टर शोधा आणि फोनवरच विचारून घ्या, खर्च किती, ऑपरेशननंतर किती दिवस ठेवतील, पकडायचा पिंजरा (मांजर आत गेलं की दार आपोआप पडतं तो) मिळेल का. तारीख हातात आल्याशिवाय पकडायला जाऊ नका.

पिंजरा आणला की पहिले चार-पाच दिवस दार दोरीने बांधून उघडं ठेवा आणि रोजचं खाणं त्यातच ठेवा, खाली वर्तमानपत्र घाला म्हणजे पायाला जाळी टोचत नाही. आदल्या दिवशी रोजचं खाणं बंद, मग संध्याकाळी आत अगदी मागच्या कोपऱ्यात चिमूटभर सुकट. बोंबील पण चालतो, वास उग्र पाहिजे. मावशीने नेहमीसारखी हाक मारली की येतात, पण दार पडल्याचा आवाज झाला की तिला लगेच घरात न्या, आतलं मांजर जाळीवर डोकं आपटतं ते तिला बघवत नाही, माझ्या मावशीला दोन दिवस वाटत होतं आपण विश्वासघात केला. पिंजऱ्यावर लगेच जुनी साडी टाकायची. अंधार झाला की मांजर मिनिटभरात गप्प बसतं, हे तिला दाखवलं तेव्हा ती जरा सावरली. ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, पिल्लांना मोठ्या मांजरांइतकं उपाशी ठेवायचं नसतं.

एक चूक आमच्याकडून झाली. तीनरंगी भाटी पकडली, घाईत पोट बघितलं नाही, ती दूध पाजत होती. मीटरच्या खोलीत तिची दोन पिल्लं होती, यादीत नव्हतीच. रात्री ११ वाजता मावशीला बारीक आवाज आला म्हणून वाचली. तेव्हा पकडलेल्या प्रत्येक भाटीचे सड बघा, फुगलेले आणि आजूबाजूचे केस गेलेले दिसले तर सोडून द्या आणि पिल्लं स्वतः खायला लागली की परत पकडा.

भूल असतानाच डॉक्टर नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक थोडं कापतात, म्हणजे तेच मांजर परत पकडलं जात नाही. शुद्धीवर येऊन नीट चालायला लागल्यावर, डॉक्टर म्हणतील तेव्हा, जिथून पकडलं तिथेच सोडायचं. बोक्यांची मारामारी आणि तो मुताचा उग्र वास काही आठवड्यांत कमी होतो, सोसायटीचा राग पण त्याच्याबरोबर उतरतो. आम्ही कोपऱ्यात रेतीची पेटी ठेवली, खाण्याची वेळ एकच ठेवली, अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या. सेक्रेटरींशी बोलायला जाल तेव्हा २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम माहीत असू द्या, सोसायटीतल्या भटक्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था सोसायटीने करायची असं त्यात आहे. पण बोलायला जाताना भांडायला जाऊ नका, मावशीला तिथेच राहायचंय.

घरं फक्त पिल्लांना आणि माणसाळलेल्या मांजरांना शोधा. पिल्लू २ ते ७ आठवड्यांचं असताना रोज हाताळलं तर माणसाची सवय लागते, नंतर फार अवघड जातं. ८ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. फुकट दिलं की लोक पटकन हो म्हणतात, म्हणून आम्ही घर बघितल्याशिवाय दिलं नाही, खिडकीला जाळी आहे का, लस आणि नसबंदी करणार का, घरातले सगळे तयार आहेत का. "उंदरांसाठी पाहिजे" म्हणणाऱ्याला नाही म्हटलं. सहा पिल्लं गेली, एक माणसाळलेला बोका पण गेला. काळं पिल्लू कोणी घेईना, आडवं जातं म्हणून. ते आता मावशीच्या सोफ्यावर झोपतं.

मावशीची काळजी वेगळी घ्यायला लागते. वाकून ताटल्या ठेवताना तोल जातो म्हणून तिला स्टूल आणि लांब दांड्याचा डाव दिला, पावसाळ्यात पायरीवर काथ्याचं पायपुसणं टाकलं. पकडापकडी तिने करायची नाही, जाड हातमोजे घालून आम्हीच करतो. चावलं किंवा ओरखडा आला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं, हळद लावून बसायचं नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तेही सांगा. आणि मांजर आजारी दिसलं म्हणून घरातली क्रोसिन देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

आता अंगणात आठ आहेत, सगळ्यांचे कान कापलेले. दूध बंद केलंय, त्याने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात. वहीच्या शेवटच्या पानावर मावशीने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ती दवाखान्यात असली तर कोण किती वाजता खाणं ठेवणार, डॉक्टरचा नंबर, आणि कोणता बोका ताटली दूर ठेवल्याशिवाय खात नाही. समोरच्या काकूंनी मागच्या महिन्यात चार दिवस ते पान बघूनच सांभाळलं.