स्थानिक कारभारात विद्यार्थ्यांनी उतरायचं कसं?

निवडणूक जवळ आली की महाविद्यालयांत मतदार जागृतीचे फलक लागतात, शपथ घेतली जाते, रॅली निघते. मतदान झालं की पुढची पाच वर्षं विषय बंद. गावाचा आणि शहराचा कारभार मात्र याच पाच वर्षांत चालतो. कोणता रस्ता आधी करायचा, पाण्याची टाकी कुठे बांधायची, अंगणवाडीची दुरुस्ती यंदा की पुढच्या वर्षी, हे कागदावर आणि ठरलेल्या तारखांना ठरतं. त्या तारखेला लेखी म्हणणं घेऊन जो हजर असतो, त्याची दखल घेणं टाळता येत नाही. मोजणं, वाचणं, टिपणं काढणं, पुन्हा पुन्हा जाऊन विचारणं ही कामं विद्यार्थ्यांना उत्तम जमतात, म्हणून हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी. पुढचे नियम महाराष्ट्रातले आहेत.

१. मतदार यादीत नाव कुठे हवं ते ठरवा

१९८९ पासून मतदानाचं वय १८ आहे. नावनोंदणीसाठी नमुना ६ भरायचा. पूर्वी फक्त १ जानेवारी ही अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी वय १८ पूर्ण असावं लागतं ती तारीख, होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि वयाची १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं: गावी किंवा शिक्षणाच्या शहरात. शहरात ठेवायचं तर संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र जोडून नोंदणी होऊ शकते; आधीच गावी नाव असेल तर स्थलांतरासाठी नमुना ८. पण गावच्या यादीतून नाव गेलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य राहत नाही. सुट्टीत गावी जाणार असाल, तिथल्या प्रश्नांशी नातं असेल, तर नाव गावीच ठेवा असं मी सांगेन. ग्रामसभेत एका माणसाच्या बोलण्याला जेवढं वजन असतं, तेवढं महानगरात मिळवायला बरीच वर्षं लागतात.

स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांत विभागतो. त्या तारखेनंतर नोंदणी केली तर स्थानिक निवडणुकीला नाव सापडत नाही. त्यामुळे निवडणुकीची घोषणा होईपर्यंत थांबू नका.

२. काम कोणाचं आहे ते ओळखा

चुकीच्या दारात घातलेला अर्ज महिनोन् महिने फिरतो. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी शोधा. कचरा, पथदिवे, गल्लीतली गटारं ही नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची कामं. रेशनचा प्रश्न तहसीलच्या पुरवठा शाखेचा. शहरात क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयात जाऊन आपल्या भागाचे कनिष्ठ अभियंता आणि आरोग्य निरीक्षक कोण ते विचारा. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत एका प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक असतात. सगळ्यांची नावं लिहून घ्या, कारण एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर दोघांनाही एकच पत्र देता आलं पाहिजे.

३. एकच प्रश्न निवडा आणि मोजा

'शहरातली वाहतूक' हा विषय एका गटाच्या आवाक्यातला नाही. 'महाविद्यालयाच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा पदपथ' आहे.

तो पदपथ असा मोजा. चार-पाच जण एका सकाळी मोजपट्टी, वही आणि मोबाइल घेऊन निघा. एकाने रुंदी मोजायची, एकाने लिहायचं, एकाने फोटो काढायचे. जागा सांगताना 'झाडाजवळ' असं लिहू नका. पथदिव्याच्या खांबावर बहुतेक ठिकाणी क्रमांक रंगवलेला असतो. 'खांब क्रमांक अमुक ते तमुक, झाकण तुटलेलं, रुंदी ७० सेंटिमीटर' अशी नोंद केली की अभियंत्याला जागा शोधावी लागत नाही आणि 'जागा स्पष्ट नाही' या शेऱ्याने अर्ज परतही येत नाही. त्याच जागी संध्याकाळी पुन्हा जा. दिवे बंद, कडेला लावलेल्या गाड्या या गोष्टी सकाळी दिसत नाहीत. तिथून रोज जाणाऱ्या बायकांशी, म्हाताऱ्या माणसांशी, तिथेच बसणाऱ्या फेरीवाल्यांशी बोला. फेरीवाल्यांना न विचारता 'अतिक्रमण हटवा' असं लिहून टाकणारे गट मला खटकतात. त्या जागेवर त्यांचं पोट आहे, आणि पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदाही आहे.

४. कागद मागा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी आहे, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं फायलीत आधीच असतात.

आधी जे उघड आहे ते वाचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने बरीच माहिती आपणहून जाहीर करायची असते. महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर मिळतं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर पाहता येतो; आपल्या गावाच्या नावावर कोणती कामं दाखवली आहेत ते तिथे बघा आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करा.

जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवून चालतं. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'रस्ता इतका खराब का?' असं विचारू नका. कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, मत किंवा खुलासा मिळत नाही. असं लिहा:

'फाटक ते बसथांबा या पदपथाच्या मागील पाच वर्षांतील कामांचे कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख दर्शवणाऱ्या कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात.'

कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम करण्यासाठी दिलेला लेखी आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ. यातली शेवटची मागणी फार उपयोगाची आहे. दोषदायित्व कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करून द्यायची असते. 'निधी नाही' हे उत्तर मग टिकत नाही.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्ज संस्थेच्या किंवा मंडळाच्या नावाने करू नका. हा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून एका व्यक्तीने स्वतःच्या नावाने सही करावी.

प्रतींचा ढीग मागवण्यापेक्षा फाइल प्रत्यक्ष पाहणं अनेकदा बरं. जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा निर्णय राज्य शासनाने २०१८ मध्ये काढला. जाण्याआधी त्या कार्यालयात विचारून घ्या आणि दोघं जण जा: एकाने वाचायचं, एकाने टिपून घ्यायचं.

५. निवेदन द्या आणि पोच घ्या

निवेदन एका पानाचं असावं. वर प्रश्न, मध्ये तुमची मोजणी, खाली नेमकी मागणी आणि कोणत्या महिन्यात जागेवर पाहणी करावी ते. फोटो मागे जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं, तरी अधिकाऱ्याची बदली झाली की ते त्याच्याबरोबर जातं. आवक क्रमांक मागे राहतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारी घेतात आणि अर्ज आधी द्यावा लागतो. एखाद्या वृद्धाचं अडलेलं काम तिथे मांडायला मदत करा. पदपथाचा विषय तिथे नेऊ नका.

६. ग्रामसभेची तयारी

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि बऱ्याच गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास होतात. बाहेरगावी शिकणाऱ्यांसाठी हे सोयीचं आहे, कारण तेव्हा सुट्टी असते. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा विषय त्याआधीच सरपंचांकडे लेखी द्या म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. ऐनवेळी उठून बोललेलं बहुतेकदा हवेत विरतं.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग मोजकी माणसं बसून ठराव करून टाकतात. तुम्ही दोन दिवस आधी घरोघर फिरून माणसं आणलीत तर हे घडत नाही. महिलांची ग्रामसभा मुख्य सभेआधी घ्यायची असते. गटातल्या मुलींनी तिथे जावं. पाणी, शौचालय, दारू हे विषय तिथे जितके मोकळेपणाने निघतात तितके मोठ्या सभेत निघत नाहीत.

सभेत ठराव वाचून दाखवला जातो तेव्हा शब्द नीट ऐका. 'चर्चा झाली' आणि 'सर्वानुमते ठरले' यांत फार अंतर आहे. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या.

अभ्यासाला किती किंमत आहे ते गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. तिथे अभ्यासगटात एखाद्या विषयाचा कायदा, कागद, बाजू सगळं समजून घेतात आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करतात. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा कायदेशीर हक्क) मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं. विद्यार्थ्यांनी आपल्या गावात असाच अभ्यासगट सुरू करावा. महिन्यातून एक रविवार पुरतो.

७. शहरात अंदाजपत्रकाचं वेळापत्रक पकडा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मार्चमध्ये दिलेल्या मागणीला जागा उरलेली नसते. पावसाळ्यानंतर लगेच मागणी गेली पाहिजे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं सुचवून घेतली जातात: बाक, पदपथ, दिवे. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर नगरसेवकाला लेखी द्या, आणि तीच सोय सुरू करण्याची मागणीही त्यात घाला. सर्वसाधारण सभा पाहायला प्रेक्षक सज्जा असते. प्रवेशाची पद्धत नगरसचिव कार्यालयात समजते. एकदा तरी अंदाजपत्रकाची चर्चा पूर्ण ऐका.

८. पक्ष, प्राध्यापक आणि तुम्ही

निवेदन सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना एकाच दिवशी द्या, म्हणजे प्रश्न कोणा एकाचा होत नाही. स्वतः पक्षात काम करायचं असेल तर जरूर करा, पण गटात ते उघड सांगून करा. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यायचेच असतात. पदपथाची मोजणी किंवा मतदार नोंदणी त्यात बसवता येईल का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची निवडणूक लढवण्यासाठी किमान वय २१ आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात तुमच्यापैकी काहींचं ते पूर्ण झालेलं असेल.

९. फाइल पुढच्या वर्गाकडे द्या

विद्यार्थी गटांचं काम परीक्षेने आणि पदवीने तुटतं, आणि कार्यालयांना ते चांगलं ठाऊक असतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या दोघांना सुरुवातीपासून बरोबर न्या. फाइलमध्ये पोचेच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावा. पहिल्या पानावर तीन गोष्टी असू द्या: कोणत्या टेबलावर काम अडलं आहे, अपिलाची मुदत कधी संपते, पुढची सभा कधी आहे. ती फाइल वसतिगृहाच्या खोलीत ठेवू नका. ग्रंथालयात किंवा विभागात ठेवा, म्हणजे जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना ती उघडता येईल.