एन्कोडरचे फॉलोअर व्हील बनवताना या चुका टाळा

रोबोट मैदानावर खरोखर किती सरकला, हे ड्राइव्हच्या मोटरवरील एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर) सांगू शकत नाही, कारण चाक जागच्या जागी घसरले तरी त्याची मोजणी चालूच राहते. म्हणून मोटर न जोडलेले, केवळ जमिनीला टेकून फिरणारे छोटे ऑम्नी व्हील (कडेवरच्या रोलरमुळे आडवेही सरकणारे चाक) आणि त्याच्या शाफ्टवर एन्कोडर अशी स्वतंत्र रचना करतात. यालाच फॉलोअर व्हील म्हणतात. कोल्हापुरातील विद्यार्थ्यांच्या संघांबरोबर काम करताना मला वारंवार दिसते, की रीडिंग चुकले की रात्र रात्र प्रोग्राम तपासला जातो आणि दोष मात्र चाकाच्या जोडणीत असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चाक धरणाऱ्या आर्ममधील प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा. चाक एक अंशाने तिरके असेल, तर रोबोट सरळ जाताना काहीच जाणवत नाही, कारण मोजमापातील फरक ०.०२ टक्क्यांहूनही कमी असतो. पण तोच रोबोट आडवा सरकला, की दर मीटरमागे सुमारे १७.५ मिलिमीटर पुढे गेल्याची खोटी नोंद होते. तिरकेपणा कायम एकाच बाजूला असेल, तर प्रोग्राममध्ये दुरुस्ती करता येते. प्लेमुळे मात्र चाक एकदा इकडे, एकदा तिकडे कलते आणि त्यावर कोणतेही सूत्र चालत नाही. रोबोट उलटा करून चाक दोन बोटांत धरावे आणि आडवे हलवावे. बोटांना बारीकसा ‘खट्’ जाणवला, तरी आर्म पुन्हा बनवावा.

हा प्ले बहुधा बोल्टच्या आट्यांवरच आर्म फिरवल्यामुळे येतो. त्याऐवजी गुळगुळीत पिन घ्यावी आणि तिच्यावर शक्य तितक्या अंतरावर दोन बेअरिंग बसवावीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये काम देताना ड्रॉइंगवर नुसते ‘८ मिलिमीटर’ लिहिले, तर ड्रिल मारून छिद्र मिळते आणि ते सहसा किंचित मोठेच पडते. पहिल्या आर्मच्या वेळी मीही तेवढेच लिहिले होते. आता मी पिन आणि बेअरिंग सोबत नेतो, फिट कसा हवा ते समोर सांगतो आणि बोअर (छिद्र) रीमरने, म्हणजे छिद्र अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने, फिनिश करून घेतो.

स्प्रिंगच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका होतात. ती सैल असेल तर मैदानाच्या प्लायवूडच्या सांध्यावर चाक उडते आणि तेवढे अंतर मोजले जात नाही. फार ताठ असेल तर ड्राइव्हच्या चाकांवरील भार कमी होऊन तीच घसरू लागतात. आर्म शक्यतो जमिनीला समांतर ठेवावा, कारण ४५ अंशांत बसवलेल्या आर्मवरील चाक ३ मिलिमीटर वर गेले, की जवळजवळ तितकेच पुढे किंवा मागेही जाते.

रीडिंग एकदम उडी मारत असेल, तर प्रथम चाकाचा हब शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू पाहावा. शाफ्टवर त्याच्यासाठी फ्लॅट (सपाट भाग) काढलेला नसेल, तर तो झटक्यासरशी घसरतो. शाफ्ट आणि हब यांवर मिळून मार्करची एक रेघ ओढून ठेवल्यास हे लगेच दिसते. त्यानंतर वायरिंग. ओपन कलेक्टर आउटपुटचा एन्कोडर सिग्नल फक्त खाली ओढतो, म्हणून त्याला सिग्नल वर खेचणारा पुल-अप रेझिस्टर लागतो. फेऱ्यामागे ६०० पल्स देणाऱ्या एन्कोडरचे चारपट मोजणीने (दोन्ही सिग्नलचे प्रत्येक चढ-उतार मोजून) एका फेऱ्यात २४०० काउंट होतात. ६० मिलिमीटरच्या चाकाने सेकंदाला २ मीटर वेग गाठल्यास एका सेकंदात सुमारे २५,००० काउंट येतात. आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर बाह्य इंटरप्टच्या (सिग्नल बदलताच प्रोग्रामला थांबवून मोजणी करवणाऱ्या) पिना दोनच असल्याने तीन फॉलोअर व्हीलसाठी तो निवडू नये. पल्स मोजणारे हार्डवेअर असलेला ईएसपी३२ हा कंट्रोलर घ्यावा.

चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर व्यास तपासावा. ६० मिलिमीटरचे चाक झिजून त्याचा व्यास अर्धा मिलिमीटरने कमी झाला, तर ५ मीटरमागे सुमारे ४२ मिलिमीटरचा फरक पडतो. व्हर्निअरने मोजलेला व्यास थेट प्रोग्राममध्ये घालू नये. स्पर्धेच्याच पृष्ठभागावर रोबोट ३ मीटर ढकलून, आलेल्या काउंटवरून परिणामी व्यास काढावा. रोबोट किती वळला हे ज्यावरून काढतात, ते दोन समांतर फॉलोअर व्हीलमधील अंतरही रोबोट जागेवर दहा वेळा फिरवूनच ठरवावे, कारण ३०० ऐवजी ३०१ मिलिमीटर धरले, तर दहा फेऱ्यांत सुमारे १२ अंशांची चूक साचते. चाक किंवा त्याचे रोलर बदलले, की ही दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत.