डेक-बिल्डिंग आणि युद्धाचा पट: वसईच्या मोहिमेचा खेळ कसा रचाल

डेक-बिल्डिंग या खेळप्रकारात प्रत्येकाकडे सुरुवातीला पत्त्यांची लहानशी कॅट असते आणि नवी पानं घेत ती वाढवायची असते. २००८ च्या 'डॉमिनियन' या खेळामुळे हा प्रकार रूढ झाला. युद्धखेळात तो आणताना पटावर जे घडेल ते कॅटमध्ये उमटलंच पाहिजे, नाहीतर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नुसत्या पडून राहतात.

आधी मोहीम निवडा. मुंबईकराला १७३७ ते १७३९ ची वसई मोहीम जवळची: एकीकडे चिमाजी अप्पा, दुसरीकडे पोर्तुगीज. पटावर ठाणे, अर्नाळा, वर्सोवा, वसई अशी दहाबारा ठिकाणं मांडा. जमिनीच्या वाटा एका रंगात, समुद्राच्या दुसऱ्या.

प्रत्येकाला १० पानं द्या: ४ पायदळ, ३ रसद, २ तोफा, १ सेनापती. पाळीला ५ उचलायची. एक पान एकदाच वापरता येईल: एकतर पटावर चाल करा, नाहीतर त्याच्या मोलात नवं पान घ्या. खेळाची खरी ओढाताण इथेच आहे.

दोन्ही बाजू सारख्या ठेवू नका. पोर्तुगीजांची कुमक समुद्रातून येई, म्हणून वसईची सागरी वाट मोकळी असेल तरच त्यांना नवं पान मिळावं. मराठ्यांना सुरुंगाची पानं द्या, पण तटाला खिंडार पाडायला ती तीन एकाच हातात यायला हवीत.

आता सर्वांत महत्त्वाचं, हानी. २०१९ च्या 'अनडॉन्टेड: नॉर्मंडी'त तुकडीला फटका बसला की तिचं पान खेळातून जातं. हा नियम जसाच्या तसा घ्या. सैनिक गेले की कॅट बारीक होते, आणि ते नुकसान पुढच्या प्रत्येक हातात जाणवतं. त्याला 'थकवा' पानांची जोड द्या: तळापासून दूरचं ठाणं जिंकलं की एक निरुपयोगी पान कॅटमध्ये शिरतं. मग फार पुढे धावणारा सेनापती आपोआप मंदावतो, वेगळा नियम लागत नाही.

कार्डपेपर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळेल. कापलेलं प्रत्येक पान एकेका जुन्या पत्त्यासोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. पावसाळ्यात दमट झालेला नुसता कागद पिसता येत नाही.

चाचणी घेताना एका खेळाडूला मुद्दाम जवळजवळ काहीच विकत घेऊ देऊ नका. २०११ च्या 'अ फ्यू एकर्स ऑफ स्नो'मध्ये ब्रिटिश बाजूने कॅट बारीक ठेवून पटावरच्या हॅलिफॅक्स या ठिकाणामार्गे धडक मारायचा जवळजवळ अजिंक्य डाव खेळाडूंनी शोधला होता. तुमच्या खेळात तसा खेळाडू सारखा जिंकत असेल, तर पानं काढून टाकण्याची किंमत वाढवा आणि पुन्हा खेळा.