सैल स्की बूट, लहान-मोठी पावलं: दुरुस्तीला हात घालण्याआधीची तयारी

पॅड, कात्री, टेप सगळं बाजूला ठेवा. आधी दोन्ही बुटांतले लायनर, म्हणजे आतले मऊ फोमचे बूट, बाहेर काढा आणि जे पाऊल लहान आहे ते नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, घालून बघा. लहान पाऊल. मोठं नव्हे. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि त्यापायी सहा दिवसांची सुट्टी वाया गेली. माझं उजवं पाऊल २६.३ सेंटिमीटर, डावं २५.५. बूट घेताना उजवं पाऊल शेलमध्ये घालून पाहिलं, नीट बसलं, आणि मी २६.५चा जोड उचलला. डाव्याकडे पाहिलंच नाही. मोठा पाय मावला की काम झालं, असं तेव्हा मला वाटायचं. मग डावा बूट सैल लागतो म्हणून त्यात पॅड चिकटवले, दुसरा मोजा चढवला, बकल शेवटच्या दातापर्यंत ओढले. तिसऱ्या दिवशी बोटं बधिर होती, नडगीवर हात लावता येत नव्हता आणि टाच तरीही उचलली जात होती. उपाय चुकीचे नव्हते, पण ज्या शेलमध्ये ते केले तो शेलच त्या पावलासाठी मोठा होता.

पावलं मोजताना कागद भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारायला सांगा. स्वतः वाकून मारलेली रेघ चुकते, कारण वाकलं की वजन सरकतं. स्की बुटांचा मोंडोपॉइंट आकडा म्हणजे सेंटिमीटरमधली पावलाची लांबीच, त्यामुळे तक्ते शोधत बसायची गरज नाही. पण एक करा: हेच माप बसूनही घ्या. वजन पडल्यावर पावलाची कमान खाली बसते आणि पाऊल लांबतं, आणि दोन्ही पायांचं हे लांबणं सारखं असेलच असं नाही. माझा उजवा पाय बसून मोजला तर २५.९ भरतो, उभं राहिल्यावर २६.३. डावा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे दोन पावलांतल्या ८ मिलिमीटरच्या फरकातला जवळजवळ निम्मा भाग हाडांचा नव्हताच, उजवी कमान बसण्याचा होता. तुमचंही तसं निघालं तर कमानीला आधार देणारा चांगला इनसोल (पावलाखालची सुटी गादी) हा पहिला खर्च, बाकी सगळं नंतर. बुटासोबत येणारा पातळ, सपाट इनसोल काहीच आधार देत नाही, तो फक्त जागा भरतो.

आता शेलची तपासणी. बूट तासभर तरी गरम खोलीत राहू द्या, थंड प्लास्टिक उघडत नाही आणि ओढाताणीत लायनरची शिवण उसवते. सगळे बकल आणि वरचा पट्टा सोडा, जीभ पुढे ओढून धरा, लायनर टाचेच्या मागून पकडून वर खेचा. बाहेर आल्या आल्या त्यावर पेनने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून टाका. मग रिकाम्या शेलमध्ये पाऊल घाला, बोटं पुढच्या भिंतीला जेमतेम टेकवा, गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. बोटांनी मोजतात, पण प्रत्येकाच्या बोटाची जाडी वेगळी. मी १० आणि १५ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी काड्या ठेवते, त्या टाचेमागे उभ्या सरकवायच्या. १० ते १५ मिलिमीटर जागा असेल तर बहुतेकांसाठी उत्तम. त्याहून कमी असेल तर बूट घट्ट, तरबेज लोकांच्या पसंतीचा. जाड काडी घालूनही मागे बरीच मोकळी जागा उरत असेल तर शेल मोठा आहे, आणि तिथे पॅड लावून काहीही साधणार नाही. माझ्या उजव्या पायामागे १५ होते. त्याच मापाच्या शेलमध्ये डाव्यामागे २३. हे समजायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पाच मिनिटं मी डाव्या पायाला दिली नव्हती.

अर्ध्या नंबरावर भरवसा ठेवू नका. बहुतेक कंपन्यांचा २६ आणि २६.५चा शेल एकच असतो, फरक आतल्या लायनरच्या किंवा इनसोलच्या जाडीत असतो. खात्री करायची तर टाचेच्या बाजूला तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती दोन्ही नंबरांवर पडताळून बघा. ‘एका पायासाठी अर्धा नंबर कमी’ ही कल्पना इथेच संपते.

मग शेल कोणत्या पावलाचा घ्यायचा? लहान पावलाचा. नव्या बुटाच्या शोधात असाल तर हे वाक्य लिहून ठेवा. प्लास्टिक तापवून शेल एखाद्या ठिकाणी काही मिलिमीटर फुगवता येतो, आतून घासता येतो. बूटफिटर, म्हणजे बूट पायाला नीट बसवून देणारे कारागीर, हे रोज करतात. शेल आखडून लहान करणं कुणालाच जमत नाही. मी एक नंबर खालचा शेल घेतला असता तर डाव्यामागे १३ मिलिमीटर उरले असते, उजव्यामागे ५, आणि उजव्याची बोटांकडची बाजू फुगवून घेता आली असती. फरक पूर्ण नंबराहून बराच जास्त असेल तर दोन वेगळ्या मापांचे बूट घेणं भाग पडतं, महाग आहे पण उपाय तोच. मात्र मग दोन्ही तळांची लांबी वेगळी, म्हणून बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी खिट्टी) प्रत्येक बुटासाठी वेगळं बसवावं लागतं आणि स्कींवर डावी-उजवी अशी खूण करावी लागते. हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. बाइंडिंग चुकीच्या लांबीवर बसलं असेल तर पडल्यावर ते सुटायला हवं तेव्हा सुटणार नाही, किंवा भलत्याच वेळी सुटेल. गुडघ्याचा प्रश्न आहे हा.

लहान पावलामागे १५च्या आसपास किंवा कमी जागा निघाली? छान, आता दुरुस्ती. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर बूट बांधून किमान वीस मिनिटं घरात उभं राहायचं, गुडघे पुढे दाबायचे. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकीशी लागतात आणि गुडघे वाकवल्यावर मागे येऊन मोकळी होतात, असं व्हायला हवं. दुकानात बूट घालून दोन पावलं चालून ‘बोटं लागतात’ म्हणत मोठा नंबर मागणारे लोक इथेच फसतात.

आधी इनसोल. मग पाऊल वरच्या बाजूला सैल वाटत असेल, म्हणजे पायाच्या पाठीवर जीभ टेकतच नसेल, तर लायनरखाली सपाट २-३ मिलिमीटरची पट्टी. पूर्ण लांबीची, फक्त टाचेखाली नव्हे. नुसती टाच उचलली की पाऊल पुढे घसरतं. मग टाच. ती उचलली जात असेल तर घोट्याभोवतीचे पॅड, आणि इथे घाई नको. लायनर पायात चढवा, मोज्यासकट, शेलशिवाय. बाहेरून बोट फिरवत घोट्याचं हाड शोधा, ते कापडाखाली गाठीसारखं लागतं, आणि त्याच्याभोवती पेनने गोल काढा. पॅड त्या गोलाच्या मागे आणि खाली बसला पाहिजे, हाडावर कधीच नाही. पॅड नेहमी लायनरच्या बाहेरच्या अंगाला लावायचा. मी आतून लावले होते, मोज्याला घासून दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कडा गुंडाळल्या आणि टाचेला फोड आला. कडा सुरीने तिरप्या कापा, म्हणजे लायनर शेलमध्ये घालताना पॅड उलटणार नाही. पहिले दोन दिवस नुसत्या टेपने बसवा, जागा पक्की झाली की मग गोंद.

आणि इनसोल सोडला तर पट्टी, पॅड हे सगळं फक्त लहान पायात. दोन्ही बुटांत सारखं काही करू नका. मोठ्या पायाला गरज नसताना पॅड घातलात तर तो पाय बधिर होईल आणि तुम्हाला वाटेल की बूटच वाईट आहे.

पोटरी बारीक असेल आणि वरचा भाग ढिला वाटत असेल तर मागे, पोटरी आणि शेलच्या मधे, फोमचा तुकडा घाला. वरच्या पट्ट्याच्या जागी लवचीक पट्टा लावला तर नडगी नीट धरली जाते. नडगीचं दुखणं बऱ्याचदा सैल बुटामुळेच होतं, पाय आत पुढे-मागे आदळतो म्हणून. बकलांच्या तारेला आटे असतात, फिरवून दोन बुटांत वेगवेगळी लांबी ठेवता येते. एका बोटाच्या जोराने बकल लागलं पाहिजे. दाताने ओठ चावून ओढावं लागत असेल तर बुटाच्या आत काहीतरी चुकलंय, बकल तो दोष झाकतोय.

मोजा: एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. बाकी कुठलाही कपडा बुटात खोचायचा नाही.

लायनर जुना असेल तर थांबा. आतला फोम वापराने दबतो. पहिल्या काही दिवसांत जास्त, नंतर हळूहळू. लहान पावलाच्या बुटात हे आधी जाणवतं, कारण तिथे मुळातच जागा उरलेली असते. शेल बरोबर आहे हे तपासलं असेल तर नवा, तापवून बसवायचा लायनर घेण्यात अर्थ आहे. शेल मोठा असेल तर नाही, आणि ते कळायला पुन्हा लायनर काढून लहान पाऊल शेलमध्येच घालावं लागतं. म्हणून मी सुरुवातीला सांगितलं, मधेही सांगितलं, आणि आता तिसऱ्यांदा सांगते.

निघताना पिशवीत टेप, छोटी सुरी, जास्तीचे दोन पॅड, पेन, दोन्ही काड्या. पहिल्या दिवशी सोप्या उतारावर तासभर घसरा, मग आत येऊन बूट सोडा आणि पावलं बघा. लाल झालेली जागा हाडावर असेल तर तिथला पॅड कापा, मऊ भागावर असेल तर राहू द्या. बोटं बधिर झाली तर आधी पुढचे दोन बकल सैल करा, वरचे नव्हे.

रात्री दोन्ही लायनर काढून वाळवा, हीटरला चिकटवून नाही, फोम कडक होतो. सकाळी डावा डाव्यात, उजवा उजव्यात.