मुलासाठी वेगळं नाव शोधताना

मुलाचं नाव वेगळं हवं, असं हल्ली सगळेच आईबाप म्हणतात आणि मग सगळेच मोबाइलवरच्या त्याच त्या याद्या उघडतात. म्हणूनच बालवाडीच्या एकाच वर्गात दोन अद्विक, दोन रेयांश आणि एखादा कियांश निघतो. प्रत्येकाच्या घरी ते नाव 'युनिक' म्हणूनच ठेवलेलं असतं. वेगळं नाव हवं असेल तर आधी शोधायची जागा बदलायला हवी.

आधी पत्रिकेचं अक्षर बाजूला काढा

घरात पत्रिका बघत असतील तर पहिला अडथळा इथेच येतो. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणजे 108 चरणांना अक्षरं वाटून दिलेली आहेत. आर्द्रेला कु, घ, ङ, छ. हस्ताला पू, ष, ण, ठ. आता ण किंवा ङ वरून नाव कुठून आणणार? गुरुजी जवळचं अक्षर घ्यायला सांगतात आणि त्या ओढाताणीत भलतंच काहीतरी नाव जन्माला येतं.

खरं तर याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. नामकरणात बाळाला एकच नाव देत नाहीत. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातलं नाव अशी चार नावं असतात. अक्षराचा मान नक्षत्रनामात, म्हणजे पत्रिकेतल्या जन्मनावात राखा आणि हाक मारायचं नाव मोकळेपणाने निवडा. आजी-आजोबांना हे असं समजावून सांगितलं की बहुतेक घरांत वाद मिटतो.

कुठे शोधायचं

वेगळं नाव दोन प्रकारचं असतं: कुणी कधी न ऐकलेलं आणि सगळे विसरून गेलेलं. माझं मत विचाराल तर दुसऱ्याच्या मागे लागा. विसरलेल्या नावाला अर्थ असतो, इतिहास असतो आणि आजीला ते नीट उच्चारता येतं.

सुरुवात मासनामांपासून करा. कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र अशी ती बारा महिन्यांची बारा नावं आहेत. त्यातली निम्मी आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघरी होती. आज एखाद्या वर्गात अच्युत किंवा जनार्दन दाखवा! 'फार जुनं वाटतं' हा आक्षेप दोन-तीन वर्षं टिकतो, नंतर ते त्या मुलाचंच नाव होऊन जातं.

मग इतिहासाकडे वळा. देवगिरीच्या यादवांत भिल्लम आणि सिंघण आहेत, राष्ट्रकूटांत दंतिदुर्ग आणि अमोघवर्ष, वाकाटकांत प्रवरसेन आणि हरिषेण, गोव्याच्या कदंबांत जयकेशी. यातलं हरिषेण किंवा जयकेशी आजही सहज चालेल. दंतिदुर्ग नावाचा मुलगा मात्र दुसरीत जाईपर्यंत 'दंती' होईल आणि वर्गात कुणाला तरी दंतमंजन आठवेलच. मराठेशाहीतली येसाजी, परसोजी, बहिर्जी ही नावंही आता दुर्मीळ आहेत, पण अशा नावाला आडनावाची आणि घरच्या बोलीची साथ लागते.

रागांची नावं हा माझा आवडता साठा. केदार, मल्हार, सारंग ही सगळ्यांना माहीत आहेत. विभास, हिंडोल, बिहाग अजून फारशी कुणी घेतलेली नाहीत. अडाणा हासुद्धा उत्तम राग आहे, पण मुलाच्या वाट्याला तो देऊ नका. ताऱ्यांत सप्तर्षी आहेत: मरीची, अत्री, अंगिरा, पुलस्त्य, पुलह, क्रतू, वसिष्ठ. मरीची म्हणजे किरण. नाव सुंदर आहे, पण मिरची म्हणणारा कुणीतरी भेटणारच. झाडांत शिरीष, पलाश, कदंब, देवदार. ज्या घरात वारी आहे तिथे निवृत्ती, सोपान, सावता, नरहरी यांच्याइतकं आपलं वाटणारं नाव दुसरं सापडणार नाही.

अर्थ कोशात बघा

नावांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक नावाचा अर्थ 'तेजस्वी', 'अद्वितीय' नाहीतर 'देवाचा अंश' असतो. आरव हे नाव 'शांत' या अर्थाने हजारो घरांत पोचलं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, कोलाहल. मूल रडायला लागलं की खरा अर्थ कळतोच म्हणा.

संस्कृत नावासाठी आपट्यांचा कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा शब्दकोश बघा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे कोश फुकट शोधता येतात. शब्द एकाही कोशात सापडत नसेल, तर तो कुणीतरी दोन नावांचे तुकडे जोडून बनवला आहे असं समजायला हरकत नाही. असं नाव ठेवू नये असं नाही, फक्त 'याचा अर्थ काय' या प्रश्नाला थाप मारू नये.

नाव पुराणातलं असेल तर अर्थाबरोबर गोष्टही वाचा. नचिकेत किंवा सत्यकाम यांची गोष्ट मुलाला अभिमानाने सांगता येते. अश्वत्थामा म्हटलं की आपल्याकडे कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा माणूस आठवतो. त्रिशंकूचंही तसंच.

तोंडात घोळवून बघा

चार-पाच नावं उरली की ती कागदावरून उतरवून तोंडात घ्या. खिडकीतून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारतो तशी मोठ्याने हाक मारा. मग त्याला 'या' लावून बघा, कारण मित्र ते करणारच. विभासचा विभाश्या होईल, केदारचा केदाऱ्या. ते कानाला सहन होत असेल तर पुढे जा. सातवाहनांचा हाल हा मोठा राजा, गाथासप्तशतीचा संकलक म्हणून प्रसिद्ध. पण 'काय हाल आहेत?' हा विनोद त्या पोराला जन्मभर ऐकावा लागेल.

आडनावासकट म्हणून बघा. अनंत तांबे म्हणताना दोन त एकमेकांवर आदळतात. पद्मनाभ गोरे झकास वाटतं, पद्मनाभ क्षीरसागर म्हणताना दम लागतो.

आणि रोमन लिपी. इथे भलेभले फसतात. 'ऋ' आपण 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि'. म्हणून ऋतुराज गायकवाडच्या स्पेलिंगमध्ये 'आर'नंतर 'यू' येतो आणि ऋषभ पंतच्या 'आय'. 'ज्ञ'चं तर विचारूच नका: आपण 'द्न्य', हिंदीत 'ग्य'. एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ऋत नावाच्या बाळाचा नंबर आला, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने केसपेपर डोळ्यांजवळ नेला, जरा थांबली आणि 'रट... रट कोण आहे?' असं विचारलं. आई निमूट उठली. तिला सवय झालेली दिसत होती. ऋत म्हणजे सृष्टीचा नियम, वेदांमधला फार मोठा शब्द. पण इंग्रजी तीन अक्षरांत तो मावत नाही. मूल परराज्यात किंवा परदेशात वाढणार असेल तर ऋ, ज्ञ, ळ असलेल्या नावाबद्दल दोनदा विचार करा. तिथे केदार, विभास, अबीर अशी नावं कुठल्याही जिभेवर बसतात.

सोपी चाचणी सांगते. एखाद्या अनोळखी माणसाला फोनवर ते नाव एकदाच सांगा आणि लिहायला लावा. दोन-तीन जणांनी बरोबर लिहिलं तर नाव पास.

आता पूर्ण नाव लिहा

1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर नावाचा क्रम असा आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे नाव आता चार शब्दांचं झालं. समजा, 'पुलस्त्य ज्योत्स्ना त्र्यंबक क्षीरसागर': हे फॉर्मच्या चौकटीत बसवून दाखवा. आईवडिलांची नावं जोडाक्षरांनी भरलेली असतील तर मुलाचं सुटसुटीत घ्या. कुणी या क्रमाला नवं फॅड म्हटलं तर त्यांना नाशिकच्या लेण्यांतले शिलालेख दाखवा. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी: आईचं नाव लावायची रीत इथलीच, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची.

नोंदणीची घाई नको, पण विसरूही नका

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, मात्र त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. नाव न घालता नोंद करता येते आणि नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क पडतं. दवाखान्यातली नर्स फॉर्म घेऊन समोर उभी आहे म्हणून तिसऱ्या दिवशी नाव ठरवू नका. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं नाव घरात महिनाभर वापरा. सगळे ते नाव घेऊनच हाक मारतायत की अजून 'बाळ', 'सोन्या' असंच चाललंय, यावरून ते रुजलं की नाही ते कळतं.

एकदा नोंद झाली की लेखनिकाची चूक दुरुस्त होते, पण मन बदललं म्हणून नाव बदलून मिळणं अवघड असतं. मग पुढे राजपत्राची वाट धरावी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे अर्ज देण्याआधी मराठी आणि रोमन दोन्ही स्पेलिंगं एका कागदावर ठळक लिहून काढा, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि दाखला हातात पडला की खिडकीसमोरच उभं राहून अक्षर न् अक्षर ताडून बघा. मुलाचं आधार कार्ड काढताना तोच दाखला पुढे करा, म्हणजे दोन्हीकडे स्पेलिंग एकच राहील.