घोड्याची उंची हँडमधून इंचात कशी काढायची

रंकाळ्यावर घोड्यावर बसून फोटो काढण्यापुरतं ठीकाय, पण घोडा विकत घ्यायचा म्हटलं की उंचीचा घोळ सुरू होतो बघा. सारंगखेड्याच्या यात्रेत जावा, तिथं व्यापारी सरळ इंचात बोलतात, घोडी बासष्ट इंच आहे म्हणून, आणि नेटवर इंग्रजी व्हिडिओ बघितला की १५.२ हँड. दोन्ही उंची एकच आहे भावा.

एक हँड म्हणजे ४ इंच, बास. पण गोची त्या टिंबात आहे, ते दशांश चिन्ह नाहीच. टिंबाच्या आधी पूर्ण हँड आणि नंतर वर उरलेले इंच, म्हणून १५ गुणिले ४ झाले ६० आणि वरचे २ मिळवले की ६२. मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर १५.२ गुणिले ४ केलं तर ६०.८ येतंय, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास घोडा बसल्या जागी बुटका झाला की.

उलटं करायचं तर इंचाला ४ नं भागा आणि बाकी टिंबापुढं लिहा. ६१ ला भागलं तर १५ आणि बाकी १, म्हणजे १५.१ (कॅलक्युलेटर १५.२५ दाखवेल, त्याच्या नादाला लागू नका). टिंबापुढं ०, १, २, ३ एवढंच येतं, १५.३ च्या पुढं एक इंच वाढला की थेट १६. जाहिरातीत कुणी १५.५ लिहिलं असेल तर आधी फोन करून विचारा, की बाबा इंच किती ते सांग.

आणि माप कुठून घेतलंय तेही विचारा, हिशोबापेक्षा जास्त गंडवागंडवी तिथंच चालते. आयाळ संपते तिथं, खोगिराच्या जरा पुढं जो हाडाचा उंचवटा असतो तिथपर्यंतच मोजायचं, कानापर्यंत नाही. घोडा फरशीवर किंवा सिमेंटवर सरळ उभा पाहिजे, रानातल्या काळ्या मातीत खूर रुतले की उंची कमी भरते. टेप अंगावरनं फिरवला तर खांद्याच्या गोलाईमुळं माप वाढतं, त्यापेक्षा शेजारी सरळ काठी उभी करा, उंचवट्यावर एक पट्टी आडवी धरा, पट्टी लेव्हलमध्ये आहे का बघा आणि काठीवर खूण करून मग खूण मोजा.

नाल मारलेली असली तर तिची जाडी वजा करायची. पोनी आणि घोडा यातली नेहमीची हद्द १४.२ हँड, म्हणजे ५८ इंच, आणि आंतरराष्ट्रीय पोनी स्पर्धांत बिननालीची १४८ सेंटिमीटर, नालीसकट १४९, तेव्हा पोरासाठी स्पर्धेचा पोनी बघत असाल तर ती नालीची जाडी पण सोडू नका.