वीज गेली की आधी हातमोज्यांकडे बघा
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की वीज कधी दगा देईल, नेम नाही. जंतुमुक्त उंदरांच्या आयसोलेटरमध्ये, म्हणजे भिंतीतच हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, ब्लोअर (हवा आत ढकलणारा पंखा) चालू असतो तोवर आतल्या दाबाने मोकळे हातमोजे बाहेर ताठ उभे राहतात. ते लोंबू लागले की दाब उतरला समजा. अलार्मपेक्षा माझा यावरच जास्त भरवसा! अशा वेळी हात आत असतील तर झटक्यात ओढू नका. आत पोकळी होऊन एखाद्या बारीक छिद्रातून बाहेरची हवा, आणि तिच्यासोबत जंतू, खेचले जातात. हात सावकाश काढा. जनरेटर सुरू होऊन दाब भरेपर्यंत खाद्य-पाणी आत देऊ नका. मग मोज्यांच्या बोटांच्या बेचक्या तपासा. शंका वाटली तर उंदरांच्या विष्ठेचा नमुना जंतूंच्या तपासणीला पाठवा.